‘पोरगा असताना निराधारचा पगार कशाला?’

निराधारचा पगार म्हणजे म्हातारपणी मिळणारी सरकारी पेन्शन. घरांचं समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यापुढे सारखा येतो. कधी आई विचारते, बहुतेक वेळा मुलगाच. त्यातलंच हे एक घर, ओळख बदलून.

मुलगा बाजार समितीत हमाल, आई सत्तरीपुढची. तो आला होता वेगळ्याच तक्रारीने. “आई बीपीच्या गोळ्या मुद्दाम घेत नाही, मॅडम.” पेन्शनचा विषय काढताच उसळला, “भावकीत तोंड दाखवायला जागा राहील का?”

काही भेटी यातच गेल्या. मग दोघांना एकत्र बसवलं. एकट्या माणसाला दुरुस्त करण्यावर माझा विश्वास नाही. दुखणं बहुधा दोघांच्या मधे असतं. शिवाय जिभेवर आलेला सल्ला गिळून गप्प बसणं मला बऱ्यापैकी जमतं. आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “गोळ्या संपल्या म्हणून सांगायचं, तर आधी ह्याचं तोंड बघावं लागतंय.”

“मी कधी नाही म्हणलो का?”

“नाही म्हणला नाहीस. पण मागावं लागतंय की.”

मी त्याला एवढंच विचारलं, “मुकादमाकडे उचल मागायला जाता, तेव्हा कसं वाटतं?” तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “फॉर्म कुठं मिळतो?”

इतक्या वर्षांत मला दिसलंय ते हेच. मुलगा जेवू घालतो, दवाखाना करतो, तरी नातवाच्या हातावर ठेवायचे दहा रुपये आईला मागावे लागतात, आणि ती गरजाच कमी करत जाते.

अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी योजनेच्या शाखेत. वय 65 पूर्ण हवं. यांचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत होतं, म्हणून केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन आणि राज्याची श्रावणबाळ योजना, दोन्ही मिळून महिन्याला दीड हजार. यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. हयातीचा दाखला वेळेवर द्या, नाहीतर पैसे अडकतात.

दीड हजारात म्हातारपण निघत नाही, हे मुलांनाही स्पष्ट सांगते. पेन्शन सुरू झाली म्हणून त्यांची जबाबदारी सुटत नाही. ऐपत असून सांभाळत नसतील, तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाह खर्च मागता येतो. या घरात ती वेळ नव्हती.

एक अट मात्र मी घातली. खातं आजींच्या एकटीच्या नावावर, आणि पासबुक त्यांच्याच ट्रंकेत. सुनेने नाक मुरडलं. मुरडू दे.