कॉलेज की बेसबॉलचा ड्राफ्ट? न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका आईला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा मुलगा यंदा हायस्कूल संपवतोय, बेसबॉलमध्ये उत्तम कॅचर (बॅट्समनच्या मागे बसून चेंडू झेलणारा) आहे, चार वर्षांच्या कॉलेजची स्कॉलरशिप हातात आहे आणि मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या लीगच्या, एका संघाचा स्काउट (खेळाडू हेरणारा माणूस) घरी येऊन गेलाय. बाबा म्हणतात आधी डिग्री, तो म्हणतो आत्ता नाही तर कधी. तुमची घालमेल कळते. पण तुमच्या पत्रात 'मेजर लीग' सात वेळा आलंय, 'मायनर लीग', म्हणजे त्याखालच्या, खेळाडू घडवणाऱ्या लीग, एकदाही नाही. सही केली की मुलगा जाणार आहे तो तिथेच.

माईक हेसमनचं उदाहरण घ्या. १९९६ मध्ये, अठराव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलमधून मेजर लीगच्या अटलांटा ब्रेव्ह्ज संघाने त्याला ड्राफ्टच्या (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) १५व्या फेरीत निवडलं. ३ ऑगस्ट २०१५ ला, सदतिसाव्या वर्षी, टोलेडो मड हेन्स या मायनर लीग संघाकडून खेळताना त्याने तिथला आपला ४३३वा होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला. तिन्ही बेसवर गडी उभे होते. बझ आर्लेटचा ४३२ चा जुना विक्रम मोडला. अमेरिकेतल्या मायनर लीगमध्ये याहून जास्त होमरन तोवर कुणाचेच नव्हते. आणि मेजर लीगमध्ये? सगळे मिळून १०९ सामने, १४ होमरन.

मी याला अपयश म्हणत नाही, ताई. इतकी वर्षं बॅटवर पोट भरलं, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवलं, खेळणं थांबल्यावर कोच झाला. पण असं आयुष्य मुलाला चालेल का, हे त्याला विचारा. मेजर लीगला पोचलाच नाही तरी चालेल का?

पैशाचं म्हणाल तर मायनर लीग खेळाडूंच्या २०२३ च्या करारानंतर स्थिती सुधारली. तरी त्या वर्षी मायनर लीगच्या खालच्या पायरीचा, सिंगल-ए चा, किमान पगार वर्षाला २६,२०० डॉलर होता, सर्वात वरच्या ट्रिपल-ए चा ३५,८००. मेजर लीगचा किमान पगार तेव्हा ७ लाख २० हजार. दरी केवढी, ते बघा.

माझं स्पष्ट मत: साइनिंग बोनस (सही करताना संघ देतो ती एकरकमी रक्कम) मोठा नसेल तर कॉलेजला पाठवा. चार वर्षांच्या कॉलेजात तिसरं वर्ष संपलं किंवा वय २१ झालं की ड्राफ्टचं दार पुन्हा उघडतं. शिवाय तो कॅचर आहे, रोज तासन्‌तास उकिडवं बसायचं. गुडघ्यांचा भरवसा कोण देणार? तरीही त्याने सहीच करायची ठरवली, तर पुढच्या शिक्षणाचा खर्च संघाने उचलायचा, हे कलम करारात लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका.

आणि निर्णयाआधी एका संध्याकाळी तिघं ब्रिजवॉटरला जा. सॉमरसेट पेट्रियट्स ही मेजर लीगच्या यांकीज संघाची डबल-ए (ट्रिपल-ए च्या खालची पायरी) टीम तुमच्यापासून जवळच खेळते. सामना संपला तरी लगेच उठू नका. मुलाला पाहुण्या संघाच्या बसपाशी घेऊन जा आणि बॅगा टाकून आत चढणाऱ्या मुलांचे चेहरे त्याला नीट बघू द्या. परत येताना गाडीत तो काय बोलतो, ते मला कळवा.