कोरोनामुळे एचआरचं काम आणि वर्क फ्रॉम होम खरंच बदललं, की सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं?

बरंच बदललं, आणि काही मागेही आलं. मी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे, त्यामुळे माझ्या क्षेत्रापुरतं सांगते.

लॅपटॉप आणि इंटरनेट आधीही होतं. अडत होतं ते नियमांवर. कॉल सेंटर, बीपीओ (दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या कंपन्या) यांना दूरसंचार विभागाकडे ओएसपी, म्हणजे ‘अदर सर्व्हिस प्रोव्हायडर’, म्हणून नोंदणी करावी लागायची, आणि माणसाला घरून काम द्यायचं तर बँक गॅरंटीपासून अटी होत्या. मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊन लागायच्या थोडंच आधी, त्या तात्पुरत्या सैल केल्या. नोव्हेंबरमध्ये तर नोंदणीची अटच काढून टाकली. एसईझेडमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, कंपन्यांसाठी घरून काम करण्याचा वेगळा नियम यायला मात्र जुलै २०२२ उजाडला.

आमच्या रोजच्या कामात सगळ्यात मोठा फरक पडला तो हजेरीत. कार्ड पंच झालं की माणूस कामावर, हा हिशोब एका आठवड्यात मोडला. मग कोणी काय पूर्ण केलं हे विचारायला लागलो, आणि कित्येक मॅनेजरना ते सांगताच येईना! काही कंपन्यांनी माऊस हलतोय का हे बघणारी सॉफ्टवेअर बसवली. मला तो प्रकार अपमानास्पद वाटतो, आजही.

मुलाखती, जॉइनिंग, कागदपत्रं ऑनलाइन झाली ती तशीच राहिली. फ्रेशर्सचं मात्र नुकसान झालं. शेजारी बसलेल्या सीनियरला विचारून जे पाच मिनिटांत कळतं, ते विचारायला मेसेज टाकताना मुलं संकोचायची. म्हणून पहिलं वर्ष तरी ऑफिसला यावं, असं माझं मत आहे.

बाकीच्यांना सरसकट बोलावणं मला पटत नाही. २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोकांनी ऑफिसात असण्याची गरज उरणार नाही, असं टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिथेही पाच दिवस ऑफिस झालं.

पण एक गोष्ट मागे गेलेली नाही. बाळंतपणाच्या रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, आपसांत ठरवून घरून काम करण्याची तरतूद २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात आली. पूर्वी ती मागायला मुली बिचकायच्या. आता सरळ अर्ज घेऊन येतात, आणि ‘हे काम घरून होत नाही’ असं म्हणणाऱ्या मॅनेजरला मी त्याच्याच टीमचं २०२० चं काम दाखवते.