मर्सिडीज-बेंझला एवढा मान कशामुळे? की हा नुसता श्रीमंतांचा दिखावा? आणि जुनी मर्सिडीज घ्यावी का?

प्रश्नातला मधला तुकडा, "नुसता श्रीमंतांचा दिखावा", वाचला आणि उत्तर लिहायला बसलो. इतिहास कुठेही मिळेल. पण हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि ते मला मान्य नाही.

आमच्या घरी मर्सिडीज होती. बेळगावच्या शहापुरात आमच्या घरासमोर उभी असायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिच्यावर निपाणीची तंबाखू भरून हुबळी, दावणगेरेकडे जायचे. लांब नाकाचा ट्रक होता तो, १९६०च्या दशकातला, दुसऱ्या हातानं घेतलेला. जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा. आरसी बुकात मेकच्या रकान्यात 'टाटा मर्सिडीज-बेंझ' असं टाइप केलेलं. ट्रक विकून जमाना झाला, पण त्या पानाची झेरॉक्स मी अजून जपून ठेवली आहे. ती का जपली, ते पुढे सांगतो.

१९५४ साली टाटांच्या टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, मर्सिडीज बनवणाऱ्या जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरच्या कारखान्यातून पहिला ट्रक बाहेर पडला. सुरुवातीला जोडणी, मग हळूहळू एकेक भाग इथेच बनायला लागला. हे सगळं ज्यांनी उभं केलं ते सुमंत मुळगावकर, आपला मराठी माणूस. पुण्याच्या कारखान्याचा पाया घालताना त्यांनी साचे-हत्यारं इथेच बनवण्यावर आणि पोरांना काम शिकवण्यावर जोर दिला. टाटा सुमो हे नाव त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून आलंय. १९६९ला करार संपला, ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. इंजिन मात्र रातोरात बदललं नाही. मिस्त्री तेच, पाने तेच, पार्टही बरेचसे तेच. मी बेळगावच्या उद्यमबागेत इंजिन रिकंडिशनिंगचं, म्हणजे झिजलेली इंजिनं पुन्हा कामाची करायचं, काम करतो. बोअर, लाइनर, क्रँक ग्राइंडिंग. माझ्या उमेदीच्या काळात माझ्या टेबलावर येणारे निम्मे क्रँक त्याच घराण्यातले असायचे.

तेव्हा आपल्या भागात मर्सिडीजचा मान कुणी आणला, हे आधी नीट ठरवा. मर्सिडीजची मोटार तेव्हा कुणाकडे होती? संस्थानिक, वकिलाती, एखाददुसरा गिरणीमालक. चिकोडीच्या, खानापूरच्या माणसानं तारा पाहिला तो ट्रकवर, आणि तो ट्रक घाटात बंद पडत नाही म्हणून त्याचं नाव घेतलं.

आता मूळ इतिहास, थोडक्यात. कार्ल बेंझनं २९ जानेवारी १८८६ला आपल्या तीनचाकी गाडीचं पेटंट नोंदवलं. तिकडे जर्मनीतल्याच कानस्टाटला गॉटलिब डायम्लर आणि विल्हेल्म मायबाख हे दोघे स्वतंत्रपणे इंजिन करत होते. डायम्लरनं १८९६ला ट्रकही बनवला, जगातला पहिला मोटार-ट्रक तोच. १९०० साली फ्रान्समधल्या नीस शहरातला धनाढ्य व्यापारी एमिल येलिनेक यानं डायम्लरकडे गाड्यांची मोठी ऑर्डर दिली. मायबाखनं त्यासाठी ३५ अश्वशक्तीची गाडी आखली आणि येलिनेकनं तिला आपल्या मुलीचं, मर्सिडीजचं, नाव दिलं. श्रीमंतीचा डाग नावाला लागला तो तिथे. १९०९ला ताऱ्याचं चिन्ह नोंदवलं गेलं, १९२६ला डायम्लर आणि बेंझ या दोन कंपन्या एक झाल्या. एवढं पुरे.

त्यात ज्या गोष्टीपुढे मी खरोखर मान झुकवतो ती बेर्टा बेंझची. कार्लची बायको. नवरा गाडी लोकांसमोर न्यायला कचरत होता. ऑगस्ट १८८८मध्ये त्याला न सांगता ही बाई दोन पोरांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, आपल्या माहेरी, सुमारे शंभर किलोमीटर गाडी घेऊन गेली. पेट्रोलपंप ही चीजच नव्हती. वाटेत वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, पेट्रोलसारखंच एक द्रव, विकत घेऊन टाकीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. चढावर पोरांनी गाडी ढकलली, आणि परत आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर हवा. रस्त्यावरचा त्रास कारखान्यात नेऊन सांगणारी पहिली ड्रायव्हर ती. या कंपनीची अब्रू तिथे तयार झाली असं माझं ठाम मत आहे, नीसच्या श्रीमंतांच्या शर्यतींत नाही.

आणि अशी अब्रू रस्त्यावर कशी तयार होते, हे मी निपाणीजवळच्या तवंदी घाटात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

मी शाळेत होतो, मे महिन्याची सुट्टी. आप्पांबरोबर निपाणीला गेलो होतो. तंबाखूचे बोद, म्हणजे मोठे गठ्ठे, भरून, ताडपत्री-रस्सा करून निघायला रात्र झाली. घाट चढताना इंजिनाचा आवाज एकदम फाटला, गाडी थरथरायला लागली आणि डिझेलचा वास केबिनमध्ये आला. आप्पांनी गाडी कडेला घेतली, क्लीनरनं मागच्या चाकांना दगड लावले. बॉनेट उचललं तर पंपाकडून नोझलकडे जाणारा एक पाइप तडकला होता. बाजारातून आणून बसवलेला साधा पाइप होता तो, आधीच्या मिस्त्रीनं नीट आवळलेलाही नव्हता. मी नुसता उभा राहून बघत होतो.

"काय बघूलास? बॅटरी धर की नीट."

बॅटरीच्या उजेडात त्यांनी तो पाइप काढूनच टाकला. पंपाच्या त्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून तारेनं आवळला आणि दुसरं टोक ऑइलच्या रिकाम्या डब्यात सोडलं. डबा चासीला बांधला. मी विचारलं, ते तोंड सरळ बंद का करत नाही? म्हणाले, "कोंडलंस तर पंप आतनं फुटतंय. त्याचं डिझेल त्याला सोडू दे. बाकीचे पाच ओढत्यात की." आणि पाच सिलिंडरवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, भरलेली गाडी घाट चढली. मध्येमध्ये थांबून डब्यातलं डिझेल परत टाकीत ओतायचं, पुढे निघायचं. उजाडताना संकेश्वरला पोचलो. तिथे नवा पाइप मिळाला आणि माल ठरलेल्या दिवशी उतरला.

हे जमलं ते आप्पांच्या हातामुळे, पण इंजिनानं जमू दिलं म्हणूनही. प्रत्येक सिलिंडरला वेगळा पाइप, सगळं हाताला लागेल असं, आणि एक सिलिंडर मेलं तरी उरलेली पाच बिनतक्रार चालणारी. त्या जुन्या इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या खोलीत पेटतं आणि मग पिस्टनवर येतं. त्या रचनेचं पेटंट बेंझ कंपनीतल्या प्रॉस्पेर लोरांज या इंजिनिअरनं १९०९ला घेतलं होतं. डिझेल जरा हलकं-भारी मिळालं तरी हे इंजिन पचवायचं. सकाळी गार इंजिनाला आधी हीटर द्यायचा, मग स्टार्टर, बस्स. ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिडिस या टॅक्सीवाल्यानं आपली मर्सिडीज २४० डी ही डिझेल मोटार ४६ लाख किलोमीटर चालवली, आणि २००४ला कंपनीनं ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली. टॅक्सीवाला होता तो, शेठ नव्हे.

आता आरसी बुकाची झेरॉक्स का जपली ते. माझा एक चुलतभाऊ पुण्यात असतो. काही वर्षांपूर्वी गणपतीला मर्सिडीजची जुनी ई-क्लास मोटार घेऊन बेळगावला आला. गल्लीतली पोरं जमली, फोटो झाले. आप्पा कौतुकानं बाहेर आले, बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "आमची पण मर्सिडीजच होती की गा." तर हा सगळ्यांसमोर म्हणतो, "काका, तो टाटाचा ट्रक ओ. मर्सिडीज म्हणजे ही." आप्पा "होय बा" म्हणून आत गेले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. आता ते नाहीत. मला मात्र ते वाक्य अजून पचलेलं नाही.

कारण ते खोटं आहे. त्यानं मिरवली त्या मोटारीचं भारतातलं जन्मस्थान कोणतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मर्सिडीजची भारतातली कंपनी १९९४ची, टेल्कोबरोबर भागीदारीत काढलेली. १९९५ला पहिली ई-क्लास जोडली गेली ती टेल्कोच्याच पिंपरीच्या आवारात. चाकणचा स्वतःचा कारखाना २००९चा. म्हणजे टाटांच्या दारात जोडलेली मोटार खरी आणि टाटांच्या दारात बनलेला ट्रक खोटा, हा कुठला हिशेब? उलट पहिला ट्रक १९५४चा, मोटारीच्या ४१ वर्षं आधीचा. जर्मन कंपनीनं स्वतः करार करून, आपला तारा लावू देऊन रस्त्यावर सोडलेला. कुणाच्या वडिलांच्या, आजोबांच्या गाडीबद्दल कोणी असं बोललं तर हे साल तोंडावर सांगा.

तर मान कशामुळे, याचं माझं उत्तर: डिझेल इंजिन, मजबुती आणि सुरक्षा. सुरक्षेचं श्रेय प्रामाणिकपणे मोटारींना द्यायला हवं. धडक बसल्यावर पुढचा-मागचा भाग चेपून आतल्या माणसाला वाचवायचा ही कल्पना त्यांच्या बेला बारेनी या इंजिनिअरची, १९५९च्या गाडीत आलेली. १९७८ला बॉशबरोबर मिळून एस-क्लासमध्ये एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणलं. आज तुमच्या साध्या हॅचबॅकलाही ते आहे.

सगळा इतिहास उजळ आहे असं मात्र नाही. नाझींच्या काळात ही कंपनी त्या राजवटीच्या गाड्या आणि युद्धसामग्री बनवत होती, वेठीला धरलेल्या माणसांकडून काम करून घेत होती. कंपनीनं हे नंतर स्वतःच कबूल केलं आहे. १९९७ला नवीकोरी ए-क्लास स्वीडनमध्ये वळणाच्या चाचणीत उलटली, मग त्यांनी त्या गाडीत ईएसपी, म्हणजे गाडीचा तोल सावरणारी यंत्रणा, सगळ्यांना दिलं. १९९८ ते २००७ क्रायस्लरबरोबरचा संसार चालला नाही. त्या काळातल्या काही मॉडेल्सना गंज लागायचा, हे जगभरचे मिस्त्री सांगतील. आणि ज्या डिझेलसाठी मी एवढं लिहितोय, त्याच डिझेलच्या धुराच्या प्रकरणात २०२०ला अमेरिकेत दीड अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. मला ते फार लागलं. अशोक लेलँडच्या ट्रकवाल्यांनी रागावू नये, त्यांचंही इंजिन दणकट होतं, पण विचारलंय मर्सिडीजचं.

जुनी घ्यावी का? माझं मत: आप्पांच्या ट्रकचा भरवसा मनात धरून आजची मर्सिडीज घेऊ नका. आताच्या इंजिनाला सायकलची ट्यूब चालत नाही. कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच नळीतून जबर दाबानं डिझेल), सेन्सर, एअर सस्पेन्शन. गाडीची किंमत वर्षागणिक पडते, पार्टची पडत नाही. त्या गाडीचा स्कॅनर असलेला विश्वासाचा माणूस तुमच्या गावात आहे का, हे गाडी बघायच्या आधी बघा. सर्व्हिसचा पूर्ण इतिहास चासी नंबरवरून काढून घ्या. तो द्यायला विकणारा का-कू करत असेल तर चहा पिऊन घरी या.

पुराचं पाणी लागलेली गाडी ओळखायला शिका. २०१९च्या ऑगस्टात आपल्याकडे आणि कोल्हापूर-सांगलीला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघा. कार्पेटखाली हात घाला. दिल्लीची डिझेल गाडी स्वस्त दिसली तर ती का स्वस्त आहे ते समजून घ्या. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, म्हणून त्या आपल्याकडे यायला लागल्या.

आणि आपल्या सीमाभागाची खास गोष्ट. एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पाटीची, गाडी तिकडे स्वस्त मिळाली म्हणून घाई करू नका. ती केए-२२, म्हणजे बेळगाव पाटीची, करायची तर इथला आजीवन कर भरावा लागतो, आणि महागड्या गाडीला तो चांगलाच बसतो. तो आकडा आधी आरटीओत विचारा, गाडीच्या किमतीत मिळवा, मग सौदा करा. बँकेचा बोजा उतरल्याचा कागद आणि तिकडच्या आरटीओची एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.