कुंपणाला खिळे-स्क्रू घेताना

लाकडी कुंपणासाठी तुम्ही आणून दाखवलेले ते चकचकीत स्क्रू परत करा. त्यांच्यावर विजेने चढवलेला जस्ताचा थर असतो, जेमतेम 5 ते 12 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). घरातल्या कपाटाला ठीक, पण उघड्यावर एक-दोन पावसाळ्यांत तांबूस ओघळ दिसू लागतात. मीही पहिल्या कुंपणाला असल्याच थराचे खिळे ठोकले होते. फळ्या शाबूत, खिळ्यांची डोकी मात्र गळून पडलेली.

वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, म्हणजे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड घ्या. थर कितीतरी जाड असतो. दिसायला मळकट, खरखरीत, म्हणून नाक मुरडू नका.

आधी लाकूड कोणतं ते मात्र सांगा. वाळवी-बुरशी लागू नये म्हणून तांबंयुक्त रसायन मुरवलेलं लाकूड साधं पोलाद आणि पातळ जस्त भराभर खातं. ओक, सीडारसारख्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. लोखंड लागलं की काळे डाग पडतात आणि ते सहज जात नाहीत. तिथे सरळ स्टेनलेस पोलादाचे घ्या, 304 या प्रतीचे. समुद्र जवळ असेल तर 316. त्यातलं मॉलिब्डेनम मिठाच्या हवेला तोंड देतं. महाग पडतं, हे खरं.

स्टेनलेस स्क्रू नरम असतो, घट्ट लाकडात डोकं पिळून तुटतं. आधी बारीक भोक पाडाच. लांबी फळीच्या जाडीच्या अडीच-तीनपट धरा. आणि कंस (ब्रॅकेट), बिजागऱ्याही शक्यतो त्याच धातूच्या घ्या. ओल्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यातला एक लवकर झिजतो.