अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्टवरचा 'अमेलिया' सिनेमा बघावा का?

हो, बघाच, पण एक सांगते, २००९ चा हा मीरा नायरचा सिनेमा जरा संथ आहे आणि नवरा जॉर्ज पुटनम आणि प्रियकर जीन विडाल यांच्यात तिची होणारी ओढाताण दाखवण्यात बराच वेळ जातो, मला तेवढ्यात अजून विमानं हवी होती! हिलरी स्वँक मात्र अगदी अमेलियाच वाटते, ते आखूड केस, ते हसणं.

१९२८ ला ती विमानाने अटलांटिक पार करणारी पहिली बाई ठरली खरी, पण तेव्हा ती नुसती प्रवासी होती, विमान पुरुषच चालवत होते आणि हे तिला फार लागलं, म्हणून १९३२ च्या मे महिन्यात ती एकटी निघाली, वाटेत उंची दाखवणारं मीटर बंद पडलं, पंखांवर बर्फ जमला, एक्झॉस्टच्या फटीतून ज्वाळा दिसत होत्या, तरी साधारण १५ तासांनी उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात उतरली. केवढी हिंमत!

शेवटचा भाग चुकवू नका. २ जुलै १९३७, विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा करताना तिला पॅसिफिकमधलं जेमतेम अडीच किलोमीटर लांबीचं हाउलँड बेट शोधायचंय, खाली तिची वाट बघणाऱ्या इटास्का जहाजावर तिचा आवाज स्पष्ट येतोय पण त्यांचं बोलणं तिला ऐकूच येत नाहीये. ती कायमची बेपत्ता झाली हा शेवट माहीत असूनही माझ्या हाताला घाम फुटला होता.

आणि हो, याच प्रवासात ती कराची आणि कलकत्त्यालाही उतरली होती.