नेब्रास्काच्या महामार्ग २ वरील एक दिवस

अमेरिकेच्या ग्रामीण भागातून मोटारसायकलवर लांबचा प्रवास करताना दिवस कसा जातो आणि तासन्‌तास तोच रस्ता पाहून कंटाळा येत नाही का, असे आपण विचारले आहे. मी ओमाहात राहतो आणि नेब्रास्काच्या राज्य महामार्ग २ वरून दोनदा गेलो आहे, म्हणून त्यातल्याच जूनमधल्या एका दिवसाविषयी लिहितो.

ग्रँड आयलंडहून सकाळी सातला निघालो. मला गाठायचे होते ते अलायन्स गाव तेथून पश्चिमेला सुमारे ४३५ किलोमीटर आहे. ब्रोकन बो या गावाच्या पुढे मक्याची शेते विरत जातात आणि सँडहिल्स, म्हणजे गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या सुरू होतात. त्या सुमारे ५० हजार चौरस किलोमीटरवर पसरल्या आहेत. येथे नांगर फारसा चालत नाही, कारण वरचे गवत निघाले की खालची वाळू वाऱ्यावर उडू लागते. म्हणून जिकडेतिकडे गुरांची कुरणे आणि त्यांच्यासाठी पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या दिसतात. अशाच एका पवनचक्कीपाशी मी गाडी बंद करून हेल्मेट काढले, तेव्हा तिचा दांडा वरखाली होताना खट्ट खट्ट वाजत होता, पत्र्याच्या टाकीत बोटभर जाडीची धार पडत होती आणि कुंपणाच्या खांबावर पिवळ्या छातीचा, काळी कंठी ल्यालेला मेडोलार्क पक्षी गात होता. कंटाळ्याविषयीचे माझे खरे उत्तर तेथे घालवलेली वीस मिनिटे हेच आहे.

दुपारी दक्षिणेचा वारा सुटला. तो डावीकडून अंगावर येत असल्याने गाडी त्याच्याकडे किंचित कलती ठेवूनच सरळ न्यावी लागत होती. अशा वेळी हँडल घट्ट आवळले तर गाडी अधिकच डगमगते. गुडघ्यांनी पेट्रोलची टाकी धरावी आणि हात सैल ठेवावेत. रस्त्यालगतच्या रुळांवरून वायोमिंगच्या कोळसा खाणींकडे रिकामी मालगाडी चालली होती. ती इतकी लांब होती की शेवटच्या डब्यापासून इंजिनापर्यंत पोहोचायला मला चारपाच मिनिटे लागली, आणि इंजिनाला गाठले तेव्हा चालकाने खिडकीतून हात केला.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र हयगय करू नये. हूकर काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, मुलन हे एकच गाव आहे, यावरून पुढच्या पंपाचा अंदाज यावा. मी टाकी अर्ध्यावर आली की भरतो, आणि त्या दिवशी थेडफर्डलाच भरून घेतली होती. थेडफर्ड आणि मुलन यांच्या दरम्यान वेळविभाग बदलतो आणि घड्याळ एक तास मागे जाते. दिवस वाढल्यासारखा वाटतो, पण त्या हिशेबाने सूर्यही तासभर आधी मावळतो आणि तिन्हीसांजेला हरणे रस्त्यावर येतात. म्हणून नव्या वेळेप्रमाणे साडेपाचलाच मी अलायन्स गाठले आणि साखळी गरम होती तोवर, स्वच्छ उजेडात, तिला तेल लावून घेतले.