अभ्यासात आणि नोकरीत दोन्हीकडे चालणारी कौशल्ये गटाने कार्यशाळा घेऊन खरंच शिकता येतात का? नाशिकला आम्ही बारा जण आहोत, निम्मे डिप्लोमाचे, निम्मे बी.एस्सी.चे. सहा रविवार हाताशी आहेत. काय करावं?

येतात, पण भाषणं ऐकून नाही. ‘संवादकौशल्य’ या विषयावर दोन तास कोणी बोललं, तर सराव त्या बोलणाऱ्याचा होतो. तुमचे सहा रविवार मी एकाच नियमावर बांधेन: प्रत्येक बैठकीत एकच कौशल्य घ्या आणि ते दोन अगदी वेगळ्या कामांत वापरायला लावा, एक अभ्यासातलं, एक कामावरचं. दोन कामांच्या मध्ये बसून ‘आपण नेमकं काय केलं’ हे शब्दांत मांडा. हा मधला टप्पा गाळला की कौशल्य जिथे शिकलं तिथेच राहतं. आपल्याकडची ढोल पथकं बघा. वेळ पाळणं, इशाऱ्यावर नजर ठेवणं, नव्या पोराला सांभाळून घेणं हे तिथे महिनोन्‌महिने चालतं. पण ते कोणी नाव घेऊन बोलत नाही, म्हणून तोच मुलगा मुलाखतीत ‘टीममध्ये काम केलंय का?’ या प्रश्नावर गप्प बसतो.

एक बैठक नव्वद मिनिटांची ठेवा. ‘ऐकून घेणं आणि दुसऱ्याला समजावून सांगणं’ हे कौशल्य घेतलं, तर ती कशी चालते ते सांगतो.

पहिल्या कामासाठी जिगसॉ पद्धत घ्या. एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांसाठी ती तयार केली. विषयाचे चार तुकडे करायचे. आपल्या भागातला विषय घ्या, द्राक्षाचा हंगाम: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, विरळणी (घडातले जादा मणी काढणं), आणि तोडणीपासून प्रीकूलिंगपर्यंतचं (माल झटपट थंड करण्यापर्यंतचं) पॅकहाऊस, म्हणजे माल निवडून भरायची जागा. प्रत्येक तुकडा एका पानात मावला पाहिजे. बारा जणांचे चौघांचे तीन गट होतात आणि गटातल्या प्रत्येकाकडे वेगळा तुकडा जातो. आठ मिनिटं एकट्याने वाचायचं. मग तोच तुकडा असलेले तिघे दहा मिनिटं एकत्र बसतात आणि सांगायचं कसं ते ठरवतात. त्यानंतर पानं उलटी ठेवून आपापल्या गटात परत यायचं, प्रत्येकाने चार मिनिटं सांगायचं. शेवटची आठ मिनिटं एका प्रश्नाला: ‘मे-जूनमध्ये बरेच दिवस ढगाळ हवा राहिली, तर फेब्रुवारीत पॅकहाऊसला माल कमी का येतो?’ खरड छाटणीनंतर त्या दिवसांत काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात आणि त्याला ऊन लागतं. हे ज्याच्या पानावर आहे त्याने नीट सांगितलं नसेल, तर उरलेल्या तिघांना उत्तर सापडत नाही. कोण कुठे तोकडं पडलं ते लगेच उघडं होतं, कोणाला बोल न लावता.

प्रश्न असाच निवडा, एका पानावरून सुटणारा नको. तसा घेतलात तर हुशार मुलगा एकटाच सोडवून मोकळा होईल.

मग वीस मिनिटं आढावा. ‘छान झालं’ हे शब्द त्या वेळेपुरते बंद. तीन गोष्टी सांगायच्या: मी काय पाहिलं, त्याने माझं काय झालं, पुढच्या वेळी काय कर. ‘तू विरळणी सांगताना आकडे सलग सांगितलेस, मला एकही टिपता आला नाही, पुढच्या वेळी प्रत्येक आकड्यानंतर थांब.’ एवढं नेमकं बोलणं सुरुवातीला जड जातं. म्हणून आधी तीन मिनिटं प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, मगच तोंड उघडायचं. न लिहिता सुरू केलंत तर पहिला बोलतो तेच बाकीचे बोलतात.

दुसरं काम कारखान्यातलं: शिफ्ट बदलताना द्यायचा निरोप. सातपूर-अंबड या आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या कुठल्याही कारखान्यात हा प्रसंग रोजचा. पाच ओळींत लिहायचा, पंचवीस मिनिटं. पहिल्या खेपेला बहुतेकांचा निरोप असा येतो: ‘सीएनसी ३ ला थोडा प्रॉब्लेम आहे, बघून घ्या.’ हवा असतो असा: ‘सीएनसी ३ वर २.४० पासून व्यास वाढतोय. ऑफसेट दोनदा दिला, तीन-चार पीस बरोबर येतात, मग पुन्हा वाढतो. इन्सर्ट बदललेला नाही. सहा पीस मर्यादेबाहेर, लाल ट्रेमध्ये.’ (सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र, ऑफसेट म्हणजे मापात केलेली दुरुस्ती, इन्सर्ट म्हणजे कापणारी बदलती पात.) दोन्ही निरोप फळ्यावर शेजारीशेजारी लिहा. काय झालं, काय करून पाहिलं, काय राहिलं, या तीन गोष्टी प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्येही लागतात, हे बी.एस्सी.च्या मुलांना तिथेच दिसतं.

आता बिघडतं कुठे. गट चौघांपेक्षा मोठा करू नका. रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने दोरी ओढण्याच्या प्रयोगांत पाहिलं की माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर घटतो. १९१३ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. सहा जणांच्या गटात दोघे हमखास नुसते बसतात. प्रत्येकाला काम नेमून द्या, वेळ पाहणारा, टिपणारा, शंका विचारणारा, मांडणारा, आणि दर रविवारी ते फिरवा. टिपायचं काम दर वेळी मुलींकडेच जातं, तिथे विशेष लक्ष ठेवा. गट चिठ्ठ्या टाकून पाडा, नाहीतर डिप्लोमावाले एका बाजूला आणि बी.एस्सी.वाले दुसऱ्या बाजूला बसतील. सर किंवा मॅडम येणार असतील तर त्यांना मागे बसवा. समोर बसले की मुलं एकमेकांशी न बोलता त्यांच्याकडे बघून बोलतात.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. पहिले चार रविवार मराठीत घ्या. मुद्दे लावणं हे एक कौशल्य आणि इंग्रजी बोलणं हे दुसरं. दोन्ही एकदम मागितलं की मूल शब्द शोधत बसतं आणि मुद्दा हातचा जातो. पाचव्या बैठकीत तेच काम इंग्रजीत करा.

विषयांचा क्रम मी असा ठेवेन: ऐकणं-सांगणं, टिपण आणि निरोप, कामाचे तुकडे पाडून वेळ लावणं, मतभेदातून निर्णय, इंग्रजीत मांडणी, आणि शेवटी सगळं एकत्र. तिसऱ्या रविवारी गळती लागते. पुढच्या बैठकीचं सामान, म्हणजे पानं, चिठ्ठ्या, स्केचपेन, चौघांत आधीच वाटून दिलं तर ती कमी होते. जागेला सोसायटीचा हॉल पुरतो, फक्त खुर्च्या हलवता आल्या पाहिजेत. जोडलेले बाक असतील तर सतरंजीवर बसा. गणपतीच्या आधीचे रविवार असतील तर सकाळची वेळ धरा, संध्याकाळी ढोलांच्या सरावात एकमेकांचं ऐकू येणार नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून अर्धं पान लिहून घ्या: एखादं काम अनोळखी माणसाला करता यावं इतपत सूचना. तारीख टाकून जपून ठेवा. सहाव्या रविवारी तेच काम पुन्हा लिहायला द्या आणि दोन्ही पानं गटाबाहेरच्या कोणाला तरी, घरच्या किंवा शेजारच्या माणसाला, क्रम न सांगता द्या. कुठल्या पानावर त्याने किती वेळा ‘म्हणजे काय?’ विचारलं ते मोजा. प्रमाणपत्रावर खर्च करू नका, मुलाखतीला जाताना ही दोन पानं फाइलमध्ये न्या.